घाट मारून आल्यावर रात्री झोप का लागत नाही आणि लागावी म्हणून काय करायचं

दीडशे किलोमीटर सायकल हाणून आलेला माणूस मेल्यासारखा झोपत असेल, असं सायकल न हाणणाऱ्यांना वाटतं. मला पण वाटायचं. पहिल्यांदा गगनबावड्याला जाऊन पुढं करूळ घाट उतरून वैभववाडी गाठली आणि तोच घाट चढून परत कोल्हापूरला आलो, त्या रात्री अंग पार मोडलेलं, डोळे चुरचुरत होते, पण झोप काय येईना. उशीवर कान टेकला की स्वतःचेच ठोके ऐकू यायचे, डोळे मिटले की रस्त्याकडेचा पांढरा पट्टा सरकत यायचा आणि पाय तर मधनंच उडायचे. बायको शेवटी म्हणाली, "अहो, घाट संपला की, आता तरी उतरा सायकलवरनं." मग मी उठून हॉलमध्ये जाऊन बसलो, आणि तिथं बसून काय केलं तर स्ट्रावा उघडलं, म्हणजे राईडची नोंद ठेवणारं आणि सगळ्यांच्या वेळा दाखवणारं अॅप. मूर्खपणा.

नंतर बऱ्याच राईड झाल्या, बऱ्याच रात्री जागून काढल्या, तेव्हा डोक्यात शिरलं की ही गडबड गादीवर पडल्यावर सुरू होत नाही, ती दुपारीच सुरू झालेली असते. लांबून आलेली बुलेट बंद केली तरी सायलेन्सर बराच वेळ चटका देतो, तसंच आहे हे. तुम्ही सायकल स्टँडला लावली पण शरीराला ते कळलेलं नसतं, अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल अजून रक्तात फिरत असतं, हार्ट रेट रोजच्यापेक्षा दहा-पंधरानं वर असतो, आणि आतलं तापमान पण चढलेलं असतं. झोप लागायला हे आतलं तापमान खाली यावं लागतं, आणि तेच येत नाही.

त्यामुळं सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे राईड लवकर संपवा. पहाटे साडेचारला बाहेर पडा, दुपारी एक-दोनपर्यंत घरी या, म्हणजे गार व्हायला आठ-नऊ तास मिळतात. सातला निघून रमतगमत संध्याकाळी सहाला परत येणाऱ्यांचीच झोपेबद्दल जास्त तक्रार असते. आणि शेवटचे आठ-दहा किलोमीटर हळू या. आपल्याकडं रोग आहे, पन्हाळ्यावरनं वाघबीळ उतरून केर्लीला आलं की शिवाजी पुलापर्यंत रेस लावायची, कोण पहिला पोचतोय बघू. ठीकाय, मजा येते, मी पण लावलीये. पण लांबच्या राईडला नको. गगनबावड्याकडनं येताना बालिंगा आलं की मी हलका गिअर टाकतो आणि गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं फुलेवाडीत शिरतो. आमच्या गल्लीतल्या तालमीतले एक म्हातारे वस्ताद पोरांना मेहनत झाल्यावर लगेच बसू देत नाहीत, आखाड्याभोवती फिरवत ठेवतात, घाम वाळू दे म्हणतात. ते सायकलवर कधी बसले नसतील, पण मुद्दा तोच आहे.

आता खाण्याचं, कारण खरी मेख इथंच आहे.

राईडमध्ये नीट खायचं नाही, चार बिस्किटं आणि चहावर घाट मारायचा, आणि घरी येऊन तांबड्या रश्शावर तुटून पडायचं, हा आपला कोल्हापुरी बेत. याच्यानं दोन्हीकडनं मार बसतो. दिवसभर टाकी रिकामी ठेवली की शरीर जास्त ताण घेतं आणि मग रात्री दोन-तीनला पोटात खड्डा पडल्यासारखं होऊन जाग येते. आणि रात्री दहाला झणझणीत तेलकट जेवलं की छातीत जळजळ, आडवं पडलं की अजून जास्त. म्हणून राईडवर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जाऊ दे. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तासाला दोन केळी आणि वर गुळाचा खडा. गूळ आपल्या गावात काय कमी आहे व्हय, जर्सीच्या मागच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, फक्त उन्हात पाघळतो तेवढं बघा. केळ्याचा कंटाळा आला की खजूर, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला बटाटा मीठ लावून. भूक लागायच्या आधीच खायचं, लागल्यावर उशीर झालेला असतो.

घरी आल्यावर पहिल्या तासाभरात भात-वरण-तूप, दही, दोन-तीन अंडी, जे असेल ते पोटभर. रात्रीचं जेवण हलकं आणि झोपायच्या तीनेक तास आधी. मटण पाहिजेच असेल तर दुपारी खा, आणि रात्रीच खायचं असेल तर पांढरा घ्या, तांबडा उद्यावर ढकला. हे लिहिताना मला पण वाईट वाटतंय. झोपायच्या आधी परत भूक लागली तर कपभर कोमट दूध आणि एक केळं, बास.

पाण्याचं गणित वजनकाट्यावर करा. निघताना वजन बघा, आल्यावर घाम पुसून परत बघा. समजा ७२ चे ७० झाले, तर दोन लिटर पाणी गेलंय, आणि परत भरायला त्याच्या सव्वा ते दीडपट लागतं, म्हणजे अडीच ते तीन लिटर. पण ते संध्याकाळपर्यंत घोटघोट करत, आणि त्यात मीठ पाहिजे, ओआरएस, ताक, सोलकढी, लिंबू सरबत, काहीपण. नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायलात तर शरीर ते धरून ठेवत नाही, रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. रात्री आठनंतर फक्त तहान भागेल एवढंच. एप्रिल-मे मध्ये हे जास्तच जपा, तेव्हा जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात ते उगाच नाही.

चहावर माझं बायकोशी भांडण झालंय म्हणून थोडक्यात सांगतो. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. परत येताना पाच वाजता टपरीवर दोन कटिंग मारले तर रात्री दहा-अकरापर्यंत निम्मा माल अंगात आहे. कोला पण त्यातलाच, आणि काही एनर्जी जेलमध्ये पण कॅफिन असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं. दुपारी एकनंतर मी बंद केलंय. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, नंतर सवय झाली. आणि बिअर. एक बिअर मारली की मस्त झोप लागते म्हणणारे लई आहेत, लागते खरी, पण पहाटे तीनला टक्क जागे होतात तेच हे लोक.

आल्यावर अंघोळ लगेच बर्फासारख्या गार पाण्यानं करायचा मोह होतो. त्या वेळी बरं वाटतं, करा, पण झोपायच्या तास-दीड तास आधी परत एकदा कोमट-गरम पाण्यानं करा. ऐकायला उलटं वाटतं, पण गरम पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हातापायातनं उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरायला लागतं. मग फॅन चालू, पातळ चादर, खिडकी उघडी. पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटं पडून राहिलं की मला उतारा पडतो, हलक्या हातानं तेल लावलं तर अजून चांगलं. जोर लावून रगडू नका, त्या दिवशी स्नायू आधीच सुजलेले असतात.

दुपारी डुलकी चालते, पण तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत. दोन ते पाच झोपून परत रात्री झोप येईना म्हणून कुरकुर करायची नाही.

एवढं करून पण नाही लागली तर? घड्याळ बघायचं नाही. वीसेक मिनिटं तळमळलात की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, काहीतरी रटाळ वाचा, डोळे जड झाले की परत या. फोन नको, स्ट्रावा तर अजिबात नको, कारण घाटाच्या सेगमेंटवर, म्हणजे अॅपवर वेळ मोजला जातो त्या टप्प्यावर, कोण आपल्यापेक्षा ४० सेकंदांनी पुढं आहे हे कळल्यावर झोप लागलेला माणूस मी बघितला नाही. पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं नडगीकडं ओढून धरा, अर्ध्या मिनिटात सुटतो. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी त्या दिवशी स्वतःच्या मनानं घेऊ नका, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला त्रास देऊ शकते. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा ग्रुपवर बराच गाजावाजा असतो, मला काडीचा फरक पडला नाही, त्या पैशात ट्यूब आल्या असत्या.

काही गोष्टी मात्र घरी बसून निस्तरायच्या नाहीत. लघवी कोलासारखी गडद झाली, छातीत दुखलं, ठोके उलटसुलट पडायला लागले किंवा तुम्ही बरळायला लागलात तर रात्रीच दवाखाना. राईड नसलेल्या दिवशी पण झोपताना पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर डॉक्टरना सांगून फेरिटिन तपासून घ्या, लोह कमी पडलं की असं होऊ शकतं. आणि तीन-चार आठवडे झोप बिघडलेलीच आहे, सकाळचा हार्ट रेट वर आहे, सायकलकडं बघवत नाही, तर सायकल आठवडाभर भिंतीला लावा.

बीआरएमवाल्यांसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायच्या राईडवाल्यांसाठी, वेगळं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, ती रात्री घरी झोपता येईल अशी संपते. ६०० ला ४० तास, तिथं मधे दोन-तीन तासांचीच झोप मिळते आणि वरचं निम्मं चालत नाही. तिथं मी एवढंच करतो: लॉजवर पोचल्या पोचल्या ओली बिब शॉर्ट (सायकलची पट्ट्यावाली चड्डी) काढून अंग पुसून कोरडे कपडे, दहीभात, कानात बोळे, दोन अलार्म, आणि मोबाईल हाताला येणार नाही असा पलीकडच्या टेबलावर. झोप लागली तर लागली, नाहीतर डोळे मिटून पडायचं. अलार्म वाजला की पहिल्यांदा पाय खाली ठेवायचे, कारण परत आडवं झालं तर पुढचा कंट्रोल पॉइंट, म्हणजे वेळेत हजेरी लावायची जागा, बंद झालेला असतो.