‘दिसतं तसं नसतं’ लिहून सुटू नका : ‘द लँडलेडी’ अभ्यासताना या चुका टाळा

ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांची ‘द लँडलेडी’ ही कथा एका बैठकीत वाचून होते. १९५९ साली ती ‘द न्यू यॉर्कर’मध्ये छापून आली, पुढच्या वर्षी ‘किस किस’ या संग्रहात गेली आणि तिला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कारही मिळाला. इंग्रजी साहित्य घेतलेल्या मुलांच्या वाट्याला ती कुठे ना कुठे येतेच. मालवण-तारकर्लीकडच्या मुलांकडून ती वाचून घेताना एक गोष्ट दर खेपेस खटकते. यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी पर्यटकांना खोल्या दिल्या जातात. रस्त्याला ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी, टेबलावर पाहुण्यांची वही, मे महिन्यात आणि नाताळच्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नाही. या कथेतलं घर जोखायला यांच्याइतकं तयार कोण असणार? पण पेपरात यातलं काही उतरत नाही. उतरतं ते गाईडमधलं.

कथा वाचली नसेल तर आधी वाचून या, पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे. ज्यांनी वाचली आहे त्यांच्यासाठी धावती उजळणी: १७ वर्षांचा बिली वीव्हर नोकरीच्या गावी, इंग्लंडमधल्या बाथला, रात्री नऊच्या सुमारास उतरतो. थंडी मरणाची. स्टेशनवरचा हमाल त्याला मुक्कामासाठी ‘बेल अँड ड्रॅगन’ या पबचा पत्ता देतो. वाटेत एका खिडकीत ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ची पाटी दिसते. आत शेगडी पेटलेली, तिच्यासमोर झोपलेला कुत्रा, पिंजऱ्यात पोपट. मालकीण गोड बोलणारी, दर स्वस्त. नोंदवहीत दोनच नावं, दोन्ही कुठेतरी ऐकल्यासारखी. चहाला कडू बदामाची पुसट चव. कुत्रा आणि पोपट पेंढा भरलेले निघतात, ते काम बाईंनीच केलेलं. आधीचे दोन तरुण कधी गेलेच नाहीत, वरच्या मजल्यावर आहेत, असं बाई त्याआधीच सांगून चुकलेली असते; शेवटी, त्या दोघांखेरीज गेल्या दोन-तीन वर्षांत फक्त तूच आलास, असं ती म्हणते आणि कथा थांबते.

म्हणीने सुरुवात

दहातली आठ उत्तरं ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ इथून सुरू होतात. म्हण खोटी नाही, पण ती शंभर कथांना लागू पडते आणि म्हणूनच या कथेबद्दल काही सांगत नाही. शिवाय ती एका चुकीच्या कल्पनेकडे नेते. पुढे सभ्यपणाचा पडदा आणि मागे क्रौर्य, पडदा बाजूला केला की झालं, अशी ती कल्पना. या कथेत पडदा नाहीच. गरम पाण्याची पिशवी ठेवलेलं अंथरूण, चहा, ‘बाळा’ म्हणून हाक मारणं, याच गोष्टींनी पोरगा अडकतो. सौजन्य हेच तिचं हत्यार आहे. उत्तराचा पहिला परिच्छेद या मुद्द्यावर उभा करा. म्हण वापरायचीच असेल तर ‘भीड भिकेची बहीण’ ही जास्त कामाची आहे. ती का, ते पुढे येईल.

‘बिलीला काही कळत नाही’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बिली भोळा, बिली मूर्ख, बिलीचं लक्ष नाही, असं लिहून मुलं मोकळी होतात. कथा पुन्हा वाचा. बिलीला सगळं दिसतं. बेलवरचं बोट उचलायच्या आत दार उघडतं, हे त्याला दिसतं, तो दचकतोही. हॉलमध्ये एकही टोपी, कोट, छत्री किंवा काठी नाही, हेही दिसतं. खळ्यात, म्हणजे अंगणात, एकही परकी चप्पल नसेल तर आत पाहुणे नाहीत, हे आपल्याकडचं शाळकरी पोर सांगेल. बिलीचं निरीक्षणही तितकंच चांगलं आहे. बाई जराशी चक्रम आहे, हे तर तो मनात स्पष्ट म्हणतो.

मग अडतं कुठे? दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला तो लगेच एक समजूत जोडतो. दर ऐकून संशय यायला हवा, तर उलट बरं वाटतं, कारण तो जितके द्यायला तयार होता त्याच्या निम्म्याहूनही हा कमी. बाई चक्रम आहे, पण एवढ्या पैशांत कोण फिकीर करतो? ती जरा जास्तच माया करते, तर बिचारीचा मुलगा बहुधा युद्धात गेला असेल. कुत्रा-पोपट दिसले, तर जनावरं असलेलं घर चांगलंच असणार. हे शेवटचं तर तो घरात शिरायच्या आधीच, काचेबाहेर उभा राहून, स्वतःला सांगतो.

वहीत पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे ‘बिलीला काय दिसलं’, उजवीकडे ‘त्याने मनाची समजूत काय घातली’. गाईडमध्ये फक्त डावी बाजू असते, तिला ‘पूर्वसूचना’ म्हणतात आणि मुलं ती यादी पाठ करतात. कथा उजव्या बाजूला आहे. उजवी बाजू भरली की लक्षात येतं की यातली एकही समजूत बाईने त्याला घातलेली नाही, त्याची त्यानेच घातली आहे. तिने फक्त चांगलं वागायचं काम केलं.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. बिलीला खाणावळवजा घरांची आधीपासून धास्ती आहे. पण कसली? पाणचट कोबी, पैसे उकळणाऱ्या मालकिणी आणि बैठकीच्या खोलीत धुरावलेल्या माशांचा वास. (या शेवटच्या भीतीवर आमच्या किनाऱ्यावरची मुलं पोट धरून हसतात.) म्हणजे तो सावध आहे, पण लुबाडणारीपासून. समोर आली ती न्याहारीत अंडं नको असेल तर सहा पेन्स कमी घेईन म्हणणारी. ज्या दारावर त्याने पहारा ठेवला होता तिथून कोणी आलंच नाही.

भिडेचा मुद्दा इथे येतो. नोंदवहीतली नावं ओळखीची वाटतात, दोन्ही एकमेकांशी जोडलेली वाटतात, वर्तमानपत्रात वाचल्यासारखी वाटतात. तो विचारतो, पण नीट टोकाला नेऊन विचारत नाही, कारण समोरची बाई चहा ओतते आहे. दूध? साखर? प्रश्न तोंडात आणि कप हातात. क्रिस्टोफर मलहॉलंड म्हणजे पायी भटकंतीला निघालेला ईटन शाळेचा तो विद्यार्थी ना, इथपर्यंत तो पोचतो आणि ‘मग एकाएकी...’ म्हणताच बाई मोडता घालते. माझे मलहॉलंड ईटनचे नव्हते, केंब्रिजला शिकत होते. ये, इकडे शेगडीजवळ बस, चहा तयार आहे. तिला पोराला गप्प करावं लागत नाही, त्याच्यावरचे संस्कारच ते काम करतात. या अर्ध्या पानावर निम्मं उत्तर लिहा, गुण तिथे आहेत.

चकवा

‘सर, ह्येका चकवो लागलो!’ पाटीचा प्रसंग वाचला की वर्गातून हे हमखास येतं. त्याला कारणही आहे. बिली ‘बेल अँड ड्रॅगन’कडे निघालेला असतो आणि पाटीवरचे शब्द काळ्या डोळ्यांसारखे त्याला धरून ठेवतात, पाय हलत नाहीत, आणि पुढच्या क्षणी हात बेलवर असतो. देवचार, चकवा, मुंज्या यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला हे ओळखीचं वाटणारच. वर्गात म्हणायला हरकत नाही, किंबहुना म्हणावंच. पण पेपरात मालकीण हडळ, जादूगारीण किंवा भूत झाली की कथा हातची गेली. भुताला सभ्य दिसायची गरज नसते. ही बाई पंचेचाळीस-पन्नाशीची, शाळेतल्या जिवलग मित्राच्या आईसारखी दिसणारी आहे आणि तिच्या हातून जे होतं त्याला कुठल्याही पारलौकिक शक्तीची गरज लागत नाही. चहा पुरतो.

पाटीच्या प्रसंगाबद्दल लिहायचं तर एवढं पुरेसं आहे: लेखकाने एक क्षण गूढ ठेवला आहे, तो खुलासा न करता सोडला आहे आणि बाकी सगळी कथा जमिनीवर ठेवली आहे.

‘ती वेडी आहे’

हेही असंच. वेडी म्हटलं की चौकशी बंद. तिच्या बोलण्यातला नीटनेटकेपणा बघा. घर रात्रंदिवस तयार असतं, पण आपण जरा चोखंदळ आहोत, योग्य असा तरुण आला तरच जागा देतो, असं ती सांगते. सांगताना तिची नजर बिलीच्या डोक्यापासून पायापर्यंत जाऊन परत वर येते. नंतर वहीतल्या दुसऱ्या तरुणाबद्दल, टेंपलबद्दल, बोलताना त्याच्या बेदाग कातडीचं कौतुक, बिलीच्या दातांचं कौतुक. मासळीबाजारात पापलेट घेताना आपण जसं बघतो तशी ती माणूस बघते, आणि बोलते मात्र मावशीसारखं. ही निवड करणारी बाई आहे. नाव विसरते, हे खरं, पण त्यावरही तिचा इलाज आहे: वहीत सही असली की खाली येऊन बघता येतं, त्या दोघांची नावं आजही ती तशीच बघते. हे वाक्य ती सहज बोलून जाते. उत्तरात घेण्याजोगं याहून थंड वाक्य कथेत मला सापडलेलं नाही.

नोंदवहीबद्दल एक विचारतो. सीझनमध्ये तुमच्या घरची वही आठवड्यात किती पानं पुढे जाते? इथे तीन वर्षांहून जास्त काळात दोन नावं आहेत. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असताना घर रिकामं असलं तर समजू शकतं, पण वर्षानुवर्षं रिकामं घर आणि तरी रोज अंथरूण तयार? हे गाईडमध्ये नसतं, पण तुम्हाला ठाऊक आहे, मग लिहा. फक्त उत्तर मालवणवर नेऊन संपवू नका. आपल्याकडच्या वहीचं एक वाक्य, लगेच परत बाथला.

कथेत नसलेलं लिहिणं

‘मालकिणीने बिलीला सायनाइड देऊन मारलं आणि त्याच्यात पेंढा भरला.’ कथेत असं कुठेही नाही. चहाला कडू बदामाची चव आहे, बिलीला ती फारशी आवडत नाही, एवढंच आहे. सायनाइडला तसा वास येतो हे वाचकाने बाहेरून आणायचं. बाई आपल्या लाडक्या जनावरांत स्वतः पेंढा भरते हे ती सांगते, माणसांबद्दल ते सांगत नाही. बिली मेला का, हेही सांगितलेलं नाही. तेव्हा ‘सूचित होतं’, ‘वाचक ताडतो’ अशी क्रियापदं वापरा. ही नुसती परीक्षकाला खूश करायची युक्ती नाही. भीतीचा शेवटचा सांधा वाचकाने स्वतः जुळवायचा, ही या कथेची रचनाच आहे. तो तुम्ही लेखकाच्या नावावर घातलात तर रचनाच नाकारली असं होतं.

बिली प्रेतं बघतो, पळायचा प्रयत्न करतो, दार बंद असतं, हेही कथेत नाही. तो सिनेमा वेगळा. इथे तर कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून ती थंड, कडक लागल्यावर बिली काय करतो? बाईच्या हस्तकौशल्याचं कौतुक करतो.

उत्तर अडकलं तर

बहुतेक उत्तरं कथासार होऊन अडकतात. ‘नंतर’, ‘मग’, ‘त्यानंतर’ हे शब्द परिच्छेदाच्या तोंडाशी आले की समजा, गाडी सारांशाच्या रुळावर गेली. परिच्छेद दाव्याने सुरू करा.

असं नको: ‘नंतर बिली वहीत सही करतो. त्याला नावं ओळखीची वाटतात. मग बाई त्याला चहा देते.’

असं चालेल: ‘मालकीण बिलीला कशालाही थेट नकार देत नाही. त्याचा प्रश्न धोक्याच्या जवळ आला की ती आदरातिथ्य वाढवते. मलहॉलंडचं नाव निघताच दूध-साखरेची विचारपूस आणि शेगडीजवळची जागा पुढे येते.’

उपरोधावर प्रश्न आला की मुलं व्याख्या लिहितात. व्याख्या एका ओळीत उरका आणि बाईचं एक वाक्य घेऊन ते तीन कानांनी ऐका. तो कधी गेलाच नाही, असं ती म्हणते. तिच्या लेखी हे साधं सत्य आहे. बिलीला ते विचित्र वाटतं, पण चक्रमपणात जमा होतं. वाचकाला मात्र वरच्या मजल्यावरची खोली दिसते. एवढं लिहिलं तरी बस्स.

राहिल्या किरकोळ चुका. बाई सांगते तो रात्रीचा दर, पाच शिलिंग सहा पेन्स, म्हणजे साडेपाच पौंड नव्हे. त्या काळी २० शिलिंगांचा पौंड आणि १२ पेन्सचा शिलिंग होता, म्हणजे पाव पौंडाहून जरासं जास्त; दशमान नाणी १९७१ साली आली. मलहॉलंड कार्डिफचा, टेंपल ब्रिस्टलचा, अदलाबदल नको. टेंपल २८ वर्षांचा होता आणि मलहॉलंड बिलीइतकाच, १७ वर्षांचा. आणि गोष्ट बिली सांगत नाही, ती तृतीयपुरुषी आहे, फक्त बिलीच्या खांद्याला खांदा लावून चालते. ‘बिली आपल्याला सांगतो’ असं लिहिलंत तर बिली वाचला असाच अर्थ होतो.