पिट्युटरीजवळची गाठ: आधी हार्मोन तपासा, मग शस्त्रक्रियेचं ठरवा

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन बनवणारी छोटी ग्रंथी. तिच्याजवळ दिसणारी प्रत्येक गाठ तिची नसते. क्रेनिओफॅरिंजिओमा (गर्भावस्थेतल्या उरलेल्या पेशींपासून होणारी गाठ), जर्मिनोमा (बीजपेशींची गाठ), रॅथके सिस्ट (द्रव भरलेली पिशवी) एमआरआयवर फसवे दिसतात आणि उपचार मात्र पार वेगळे. जर्मिनोमा किरणोपचाराने विरघळतो. तो कापून काढायला जाणं म्हणजे नसतं संकट ओढवून घेणं.

दोन्ही डोळ्यांची कानाकडची नजर कमी होणं, मुलाची उंची खुंटणं, पाळी थांबणं ही नेहमीची लक्षणं. पण रक्तातली साखर नॉर्मल असताना दिवसाला ३ लिटरपेक्षा जास्त लघवी होत असेल, तर कान टवकारा. साध्या अडेनोमात (पिट्युटरीच्याच कर्करोग नसलेल्या गाठीत) असं शस्त्रक्रियेआधी क्वचितच होतं.

कॉन्ट्रास्ट देऊन पिट्युटरीचा पातळ छेदांचा एमआरआय करा. सोबत सीटी हवाच: क्रेनिओफॅरिंजिओमातलं कॅल्शियम एमआरआयवर निसटतं. दृष्टिक्षेत्राची तपासणी टाळू नका.

रक्तात सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (ताण पेलणारं हार्मोन), फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), सोडियम बघा. नुसत्या टीएसएचवर (थायरॉइडला चालवणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनवर) विसंबू नका. बिघाड पिट्युटरीत असला की टीएसएचचा आकडा नॉर्मल येऊ शकतो. गाठ मोठी आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं, असं असेल तर नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. अतिप्रचंड पातळीला यंत्र खोटा कमी आकडा देतं. जर्मिनोमाची शंका असेल तर बीटा-एचसीजी आणि एएफपी, म्हणजे बीजपेशींच्या गाठी रक्तात सोडतात ती प्रथिनं, तपासा.

कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी किंवा इंजेक्शन), मगच थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी). उलट केलं तर रुग्ण कोसळतो.

क्रेनिओफॅरिंजिओमा बहुतेकदा नाकातून दुर्बिणीने काढता येतो. हायपोथॅलॅमसला (भूक-तहान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला) चिकटलेला भाग ओढू नये. ओढला तर भूक बेलगाम होऊन वजन वाढत जातं. उरलेल्या भागाला ५० ते ५४ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणोपचार देतात. प्रौढांमधल्या पॅपिलरी नावाच्या प्रकारात बीआरएएफ जनुकातला बदल तपासा, कारण त्यावर औषधं आहेत.

शस्त्रक्रियेनंतर लघवी आणि सोडियम यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. सुरुवातीला लघवीचा पूर येतो, आठवडाभराने अचानक ओसरतो. त्या वेळी डेस्मोप्रेसिन (लघवी कमी करणारं औषध) चालूच राहिलं तर सोडियम घसरून झटके येतात. नाकातून पाण्यासारखं गळत असेल तर सर्दी समजू नका, त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन (मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडणारं प्रथिन) तपासा.

हायड्रोकॉर्टिसोन कायमचं लागलं तर प्रौढाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम रोज, विभागून. ताप आला की दुप्पट-तिप्पट. गोळी उलटून पडत असेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेऊन थेट रुग्णालय गाठा.