५ मार्चची पावती ३ मेची कशी झाली

आमच्या सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या मी एक्सेलच्या मॅक्रोतून, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, काढतो. एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी पावती पुढे केली. "पैसे ५ मार्चला भरले रे, यावर ३ मे लिहिलंय. मे अजून उजाडायचाय!"

मी फॉरमॅट फंक्शनने तारखेचा मजकूर बनवून तो तसाच सेलमध्ये टाकत होतो. तारखेसारखा दिसणारा मजकूर मॅक्रोतून आला की एक्सेल त्याची पुन्हा तारीख करतं, आणि तीही अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून. विंडोजची सेटिंग भारतीय असली तरी! तेरावा महिना नसतो, त्यामुळे १३ ते ३१ तारखांच्या पावत्या बरोबर दिसायच्या. चूक इतके दिवस दडली ती म्हणूनच.

आता सेलच्या नंबरफॉरमॅटला (सेलमधलं कसं दाखवायचं ते ठरवणारी सेटिंग) आधी '@' देतो, म्हणजे तो मजकुराचा सेल होतो, आणि मग लिहितो. क्रम उलटा झाला तर उपयोग नाही. नोंदवहीच्या शीटमध्ये मात्र खरी तारीखच ठेवली; मजकुराच्या तारखा क्रमाने लागत नाहीत.

रकमेचं दुखणं वेगळं. दीड लाख '१,५०,०००' ऐवजी '१५०,०००' असे छापले जायचे. आकडा कसा दाखवायचा त्या फॉरमॅटमध्ये चौकोनी कंसात 'लाख किंवा जास्त असेल तर' अशी अट घालून स्वल्पविराम हाताने बसवता येतात, पण मॅक्रोच्या फॉरमॅट फंक्शनला ही अट कळत नाही. एक्सेलच्या शीटमधलं टेक्स्ट फंक्शन मॅक्रोत 'वर्कशीटफंक्शन'मधून वापरता येतं, त्याला कळते. उणे रकमा त्या अटीत बसत नाहीत, म्हणून उणे चिन्ह आधी काढतो आणि मग पुन्हा रकमेपुढे लावतो. जुगाडच, पण चालतोय.