‘धिस’ म्हणजे नेमका कोणता ऑब्जेक्ट?

इंदूरमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून मी संध्याकाळी रामबागेतील काही मराठी मुलामुलींना प्रोग्रॅमिंग शिकवतो. क्लास (आराखडा) आणि ऑब्जेक्ट (त्या आराखड्यावरून बनलेली प्रत्यक्ष वस्तू) यांच्या व्याख्या त्यांना पाठ असतात, पण ‘धिस’ (this), म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालू आहे तो दाखवणारा शब्द, आला की बहुतेक जण थबकतात. हिंदी माध्यमातून शिकलेले असोत वा इंग्रजी, अडचण सर्वांची एकच असते.

समजा, बँक खात्याचा एक क्लास आहे. मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा भाग, क्लासमध्ये एकदाच लिहिलेली असते, ऑब्जेक्ट, म्हणजे खाती, मात्र कितीही असू शकतात. त्यामुळे या क्षणी चालणारी मेथड कोणाची शिल्लक वाढवत आहे, हे तिला कळावे लागते. जावा या भाषेत ही माहिती आपोआप पोहोचते, म्हणून ती दिसत नाही. पायथॉनमध्ये तोच ऑब्जेक्ट ‘सेल्फ’ या नावाने पहिला पॅरामीटर (मेथडला मिळणाऱ्या मूल्याचे नाव) म्हणून उघडपणे लिहावा लागतो. तो लिहायचा राहिला, तर शून्य आर्ग्युमेंट (मेथड बोलावताना दिलेले मूल्य) अपेक्षित असताना एक मिळाला, अशी तक्रार पायथॉन करतो, आणि तो एक कुठून आला हे शोधताना सारा उलगडा होतो. म्हणूनच, अभ्यासक्रमात जावा असला तरी हा भाग मी आधी पायथॉनमध्ये शिकवतो.

जावाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) पॅरामीटर आणि फील्ड (ऑब्जेक्टमध्ये साठवलेले मूल्य) या दोघांचे नाव ‘शिल्लक’ असेल, तर ‘शिल्लक = शिल्लक’ या ओळीत पॅरामीटर स्वतःलाच दिला जातो आणि फील्ड शून्यच राहते. प्रोग्रॅम मात्र विनातक्रार कंपाइल होतो. तेथे ‘धिस.शिल्लक = शिल्लक’ असेच लिहावे. स्टॅटिक मेथड कोणत्याही ऑब्जेक्टवर चालत नसल्याने तिच्यात ‘धिस’ नसतो.

जावास्क्रिप्टकडे वळणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण तेथील साध्या फंक्शनमध्ये ‘धिस’ कोण, हे फंक्शन कोठे लिहिले यावरून नव्हे, तर ते कसे बोलावले यावरून ठरते. ‘खाते.दाखवा’ असे बोलावल्यास तो खात्याचा ऑब्जेक्ट असतो; तेच फंक्शन क्लिकसाठी बटणाला जोडले, तर बटण. २०१५ च्या मानकात आलेले ॲरो फंक्शन मात्र ‘धिस’ सभोवतालच्या कोडमधून घेते.

मुलाखतीची तयारी करताना व्याख्येऐवजी दोन ऑब्जेक्टांचा छोटा प्रोग्रॅम कागदावर लिहावा आणि प्रत्येक कॉलशेजारी त्या वेळचा ‘धिस’ कोण, हे नोंदवावे. मग तो चालवून आपली नोंद पडताळून पाहावी.