सलाईनची सुई सुजू नये म्हणून: वॉर्डात सुधारणा-प्रकल्प कसा उभा करायचा

मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात दाखल होणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या हाताला आल्या आल्या सुई (कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी) लागते. दोन-तीन दिवसांत त्यातले बरेच हात दुखायला लागतात, शीर कडक होते, ‘लाईन आऊट झाली’ म्हणून दुसऱ्या हाताला टोचलं जातं आणि त्या गडबडीत अँटिबायोटिकचा एखादा डोस हुकतो. थीसिसला किंवा युनिटच्या कामाला विषय हवा असेल तर हा घ्या. रुग्ण रोज मिळतात, मोजायला मशीन लागत नाही आणि काही आठवड्यांत फरक दिसतो. पुढची पद्धत प्रौढांच्या मेडिसिन वॉर्डासाठी लिहिली आहे. सर्जरी किंवा ऑर्थोमध्ये ती थोड्या फेरफाराने चालते. बालरोग आणि एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचे) नियम वेगळे आहेत, तिथे ती जशीच्या तशी उचलू नका.

कागदपत्रं आधी

वॉर्डातली मान्य पद्धत नीट पाळली जावी एवढ्यासाठीच मोजमाप करत असाल, तर ती गुणवत्ता-सुधारणा. त्यातून थीसिस, पेपर किंवा इतरांना लागू होईल असा निष्कर्ष काढायचा असेल तर ते संशोधन, आणि एथिक्स कमिटीची मान्यता पहिल्या नोंदीच्या आधी हातात हवी. ‘डेटा गोळा करून ठेवू, मान्यता नंतर घेऊ’ हा हिशेब इथे चालत नाही. पत्रावरची तारीख नंतरची निघाली तर सगळं काम वाया जातं. जुन्या इंडोर पेपरवरून माहिती काढायची असली तरी अर्ज करावाच लागतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीचे तीन मार्ग आहेत: पूर्ण सूट, जलद तपासणी आणि पूर्ण कमिटीपुढची तपासणी. नेहमीच्या उपचारात काही न बदलता फक्त निरीक्षण असेल तर जलद तपासणी मागता येते, पण कोणता मार्ग हे कमिटी ठरवते, तुम्ही नाही. रुग्णांचे दोन गट पाडून वेगवेगळी पद्धत वापरणार असाल तर ती क्लिनिकल ट्रायल झाली. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदणी करा. संमतीपत्र रुग्णाला वाचून कळेल अशा मराठीत लिहा. ‘अंतःशिरा कॅन्युलाजन्य दाह’ असं लिहिलेला कागद नातेवाईक वाचत नाहीत, नुसती सही करतात. ‘सलाईनच्या सुईच्या जागी येणारी सूज’ हे सगळ्यांना समजतं. निरक्षर रुग्णाच्या अंगठ्याशेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते.

टीममध्ये कोण

युनिटचे एक लेक्चरर, एक रेसिडेंट, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, वेगवेगळ्या पाळ्यांतल्या दोन स्टाफ नर्स आणि स्टोअरचा फार्मासिस्ट. फार्मासिस्टला विसरू नका. पारदर्शक ड्रेसिंग किंवा १० मिलीचे सलाईनचे अँप्यूल इंडेंटमध्ये नसतील तर बाकी सगळं प्रशिक्षण कोरडं राहतं. आणि सिस्टरना शेवटी ‘कळवायचं’ नसतं. सुई लावणं, औषध देणं, सुई काढणं यातलं बरंचसं काम त्यांच्या हातून होतं, त्यामुळे पहिल्या बैठकीपासून त्या हव्यातच.

मोजायचं काय आणि कसं

व्हीआयपी स्कोअर (सुईच्या जागेची सूज ० ते ५ अशी मोजण्याची पद्धत) वापरा. ०: जागा स्वच्छ. १: थोडं दुखतंय किंवा थोडी लाली. २: दुखणं, लाली आणि सूज यातल्या दोन गोष्टी, इथे सुई काढायचीच. ३: तिन्ही गोष्टी आणि दुखणं सुईच्या मार्गावर. ४: त्यात शीर दोरीसारखी हाताला लागते. ५: वर तापही. प्रकल्पासाठी २ किंवा त्याहून जास्त म्हणजे ‘सुजली’, अशी व्याख्या ठरवा आणि मधेच बदलू नका.

आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, ही इथली मोठी अडचण आहे. नुसतं बघून स्कोअर दिला तर १ आणि २ चे बरेच रुग्ण ० मध्ये जातात. म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी विचारा, ‘सुईच्या जागी दुखतंय का, आग होते का?’ मग बोटाच्या मागच्या बाजूने जागा गरम लागते का पाहा आणि दुसऱ्या हाताशी तुलना करा. मग सुईच्या टोकापासून वर खांद्याच्या दिशेने शीर हलक्या बोटाने चाचपा. लाली सगळ्यात शेवटी, उजेडात. रात्रीच्या ट्यूबलाईटखाली घेतलेले स्कोअर आणि सकाळच्या उजेडात घेतलेले स्कोअर जुळत नाहीत, तेव्हा रोजची वेळ एकच ठेवा.

नोंदी सुरू करण्याआधी दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच ३० सुया तपासा आणि कप्पा (दोघांचे स्कोअर किती जुळतात याचं माप) काढा. ०.६ च्या खाली आला तर पुन्हा एकत्र बसून, हात बघून, व्याख्या पक्की करा.

रजिस्टरमध्ये मोजकेच रकाने ठेवा: कोड नंबर, सुई लावल्याची तारीख-वेळ, कुठे लावली (कॅज्युअल्टी की वॉर्ड), जागा, सुईचा रंग (म्हणजे जाडी), त्यातून जाणारी औषधं, रोजचा स्कोअर, काढल्याची तारीख-वेळ आणि काढण्याचं कारण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त रिकामा राहणारा. रात्री दोन वाजता सुजलेली सुई काढून दुसरी लावली, नोंद नाही, आणि सकाळी तुम्हाला स्वच्छ जागेवरची नवी सुई दिसते. एका दिवशी वॉर्डात फिरून केलेली मोजणी म्हणूनच नेहमी कमी आकडा दाखवते. प्रत्येक सुई लावल्यापासून काढेपर्यंत पाठपुरावा करा. नाव आणि कोड जुळवणारी वही वेगळी, कुलपात. केसपेपरचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

दर दोन प्रकारे काढा. समजा आठवड्यात ४० सुया लागल्या, त्या मिळून १२० दिवस राहिल्या आणि ९ सुजल्या. दर १०० सुयांमागे २२.५ आणि दर १,००० सुई-दिवसांमागे ७५. दोन्ही आकडे लागतात, कारण पुढे गरज नसलेल्या सुया लवकर काढायला लागलात की छेदातले ‘निवांत’ दिवस कमी होतात आणि सुई-दिवसांवरचा दर चढलेला दिसू शकतो, रुग्णांचा त्रास कमी झालेला असूनही. सोबत एक उलटी बाजू तपासणारं मापही ठेवा: एका रुग्णाला एकूण किती वेळा टोचलं आणि सुई नसल्यामुळे किती डोस हुकले.

सुई का सुजते: मूळ शोधताना

मुळाशी तीन कारणं असतात: औषधाचा दाह, सुईची हालचाल आणि जंतू. वॉर्डात दोन-तीन दिवस नुसतं उभं राहून बघितलं की तिन्ही डोळ्यांसमोर येतात.

औषधापासून सुरुवात करा. व्हँकोमायसिनचा १ ग्रॅम १०० मिलीत घालून अर्ध्या तासात सोडला तर शीर जळणारच. तो किमान २०० मिलीत, किमान १०० मिनिटं घेऊन द्यायचा. पोटॅशियम क्लोराईड हाताच्या शिरेतून देताना लिटरला ४० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर सहसा जात नाहीत, वेगही ताशी १० च्या आसपास, आणि ते थेट ढकलायचं तर कधीच नाही. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये ते साकळतं. ॲमिओडॅरोनचं ड्रिप तासन्‌तास चालणार असेल तर सेंट्रल लाईनचा (मोठ्या शिरेतल्या नळीचा) विचार आधीच करा. या चार औषधांचं विरलन आणि वेग लिहिलेला एकच कागद औषधाच्या ट्रॉलीवर चिकटवला तरी फरक पडतो.

मग जागा आणि जाडी. कोपराच्या घडीत लावलेली सुई हात वाकला की शिरेच्या भिंतीवर घासते. मनगटाजवळही तेच. शक्यतो पुढच्या हाताची, म्हणजे कोपर ते मनगट यामधली सरळ शीर निवडा. नेहमीच्या औषध-सलाईनला गुलाबी २० नंबर पुरतो, नाजूक शिरांच्या वृद्धांना निळा २२. हिरवा १८ झपाट्याने द्रव द्यायच्या वेळेसाठी ठेवा. सवयीने सगळ्यांना हिरवा लावण्याची रीत मोडावी लागते, कारण जाड सुईभोवती शिरेत रक्त वाहायला जागा उरत नाही. एकाने जास्तीत जास्त दोनदा टोचायचं, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला बोलवायचं.

जंतूंच्या बाबतीत दोन गोष्टी खास बघा. पहिली, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांचा डबा. दिवसभर त्यात सगळ्यांचे हात जातात, झाकण उघडं राहतं, स्पिरिट उडतं. असे बोळे भिजवून ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या इंजेक्शनविषयक मार्गदर्शनात स्पष्ट आहे. सुटे पाकीटबंद स्वॅब मागवा. ते नसतील तर कोरडा स्वच्छ बोळा त्या-त्या वेळी भिजवून घ्या. दुसरी, फ्लशसाठी (सुई आतून धुऊन मोकळी ठेवण्यासाठी) उघडून ठेवलेली सलाईनची बाटली, बुचात सुई खोचलेली, सगळ्या वॉर्डाला एकच. ही बाटली प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी बंद करा आणि १० मिलीचे अँप्यूल आणा, एका रुग्णाला एक. फ्लश नॉर्मल सलाईनचाच, डिस्टिल्ड वॉटरचा नाही. ५ ते १० मिली, थांबत-थांबत, औषधाआधी आणि औषधानंतर.

सुई लावताना २ टक्के क्लोरहेक्झिडिन आणि ७० टक्के अल्कोहोलच्या द्रावणाने ३० सेकंद घासायचं आणि मग आपोआप सुकू द्यायचं. फुंकर मारायची नाही आणि पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. वर पारदर्शक ड्रेसिंग. साध्या चिकटपट्टीच्या तीन थरांखाली टोचलेली जागा झाकली गेली तर रोजचा स्कोअर घेणार कसा? ड्रेसिंग खरोखरच मिळत नसेल तर पट्टी पंखांवर लावा, जागा निर्जंतुक गॉजने झाका आणि तपासताना गॉज बदला. तारीख-वेळ पट्टीवर बॉलपेनने लिहिली की घामाने पुसते. मार्कर ट्रॉलीला दोरीने बांधून ठेवा.

कॅज्युअल्टीत घाईत, नीट स्वच्छता न करता लावलेली सुई २४ ते ४८ तासांत बदलावी. बाकीच्या सुया ठरावीक तासांनी बदलायच्या की गरज पडेल तेव्हा, यावर वॉर्डात हमखास वाद होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या ३,२८३ रुग्णांच्या चाचणीत, जी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, दोन्ही गटांत सुया सुजण्याचं प्रमाण ७ टक्केच होतं. पण जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत ९६ तासांचा नियम काढून टाकल्यावर सुईमुळे होणारे रक्तातले संसर्ग वाढले, असं २०२१ मध्ये नोंदलं गेलं. आमचं मत स्पष्ट आहे: प्रत्येक पाळीत कुणीतरी सुई खरोखर बघतं, हे रजिस्टरवरून सिद्ध होईपर्यंत ठरावीक तासांचा नियम सोडू नये.

एका वेळी एक बदल

सगळं एकदम सुरू केलं की कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पंधरा दिवसांत सगळं बारगळतं. पहिला बदल फुकटचा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा घ्या: सकाळच्या राऊंडला प्रत्येक खाटेपाशी ‘सुई अजून हवी का?’ हा प्रश्न. गेल्या २४ तासांत त्यातून काही गेलं नसेल आणि पुढेही जाणार नसेल, तर सुई तिथेच काढायची. रुग्ण जेवतो आहे, ताप उतरला आहे, तर इंजेक्शनवरून गोळीवर आणता येईल का, हेही त्याच वेळी विचारायचं.

हा बदलसुद्धा आधी एका रेसिडेंटने, एका दिवशी, पाच खाटांवर करून बघायचा. काय होईल असं वाटतं ते आधी लिहून ठेवा. संध्याकाळी काय झालं ते शेजारी लिहा. राऊंड लांबला का? संध्याकाळी पुन्हा सुई लावावी लागली का? मग वॉर्डाची एक बाजू, मग पूर्ण वॉर्ड, मग रविवार. रविवारी टिकला तर बदल रुजला समजा. त्यानंतर ड्रेसिंग, मग औषधांचा कागद. सलाईनचे अँप्यूल तेवढे पहिल्या दिवसापासूनच.

आकडे कसे वाचायचे

बदलाआधी किमान १० आठवड्यांचे आठवडी दर काढून मध्यक (मीडियन) रेषा आखा आणि पुढचे बिंदू त्यावर मांडत जा. रेषेच्या एकाच बाजूला सलग ६ बिंदू आले किंवा सलग ५ बिंदू एकाच दिशेने गेले, तर बदल योगायोगाचा नाही असं धरतात. रेषेवरच पडलेला बिंदू सहाच्या मोजणीत धरू नका.

थीसिसला नुसता आधी-नंतरचा तक्ता पुरेल असं वाटतं, पण मे महिन्यातला ‘आधी’ आणि सप्टेंबरमधला ‘नंतर’ यांची तुलना फसवी ठरते. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने वॉर्ड भरतो, जमिनीवर गाद्या पडतात, रुग्णही वेगळे आणि औषधंही वेगळी. तक्ता द्यायचाच असेल तर नमुना नीट काढा: प्रमाण ३० वरून १५ टक्क्यांवर येईल असं धरून, ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फासाठी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येक काळात ११८ रुग्ण, १० टक्के गळती धरून १३२. एका रुग्णाला तीन सुया लागल्या तर त्या तीन स्वतंत्र नोंदी नव्हेत. विश्लेषणाला प्रत्येकाची पहिली सुई घ्या, नाहीतर संख्याशास्त्रज्ञांना जीईईबद्दल (एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी हाताळणाऱ्या पद्धतीबद्दल) प्रकल्पाआधीच विचारा.

टीम बदलल्यावर

इंटर्न आणि रेसिडेंट रोटेशनने जातात, म्हणून कामाची मालकी इन्चार्ज सिस्टरकडे हवी आणि सुईचा स्कोअर नेहमीच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवरच एका ओळीत यावा. वेगळा फॉर्म पहिल्या गर्दीच्या दिवशी मागे पडतो. आलेख वॉर्डात लावा, पण त्यावर पाळी किंवा नावं टाकू नका. एखाद्या सिस्टरवर बोट रोखलं की पुढच्या आठवड्यापासून सगळे स्कोअर शून्य यायला लागतात. सहा महिने दर स्थिर राहिला तर रोजची मोजणी थांबवून महिन्यातून एक आठवडा मोजा. त्या आठवड्यात दर पुन्हा मध्यक रेषेवर गेला, तर आधी स्टोअरमध्ये जाऊन अँप्यूल आणि ड्रेसिंगचा साठा बघा.