बडोद्यात रेडिओलॉजी: थीसिसचा विषय विभागाच्या रजिस्टरमध्ये शोधा

एमडी रेडिओडायग्नोसिसला, म्हणजे रेडिओलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला की तीन वर्षं भरपूर वाटतात. पण थीसिसचा विषय पहिल्या काही महिन्यांतच ठरवावा लागतो, आणि तेव्हा अजून सोनोग्राफीत पित्ताशयही नीट सापडत नसतं. म्हणून बरेच जण वरच्या बॅचचा विषय थोडा बदलून घेतात, नाहीतर एमआरआयचं एखादं भारी तंत्र धरतात. माझं सांगणं, आधी विभागाचं रजिस्टर घेऊन बसा. त्या आजाराचे पेशंट महिन्याला दोन येत असतील, तर दीड वर्षात 36 होतात. त्यातून संमती न देणारे आणि मध्येच गावी निघून जाणारे वजा करा, मग सँपल साइझ, म्हणजे अभ्यासाला लागणारी पेशंटची संख्या, जुळतो का बघा.

बडोदा मेडिकल कॉलेजच्या सयाजीराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एसएसजीत, छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोदकडून पेशंट येतात. या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवणारा आनुवंशिक आजार, बराच आढळतो. तरुण मुलगा खुबा दुखतो म्हणून येतो, एक्स-रे साफ असतो, आणि एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा दिसतात. असा विषय दारात असताना दूरचा कशाला धरायचा?

विषय ठरला की स्वतःला विचारा, आपलं निदान बरोबर होतं हे ठरवणार कोण? अपेंडिक्सच्या सोनोग्राफीवर काम असेल तर उत्तर सर्जरीच्या ऑपरेशन नोटमध्ये आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आहे. तुमचा निष्कर्ष ऑपरेशनच्या आधीच तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. नंतर लिहिलेला निष्कर्ष नकळत ऑपरेशनकडे झुकतो. आणि ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही, त्यांचं काय? त्यांना फोन करून पाठपुरावा ठेवला नाही, तर सोनोग्राफीची अचूकता खरी असते त्याहून निराळीच दिसते. जमलं तर दोन सिनिअरांना एकमेकांचं न बघता इमेजेस वाचायला द्या आणि त्यांचं किती जुळतं ते ‘कप्पा’ (kappa, दोघांची जुळणी मोजणारा सांख्यिकी आकडा) काढून तपासा.

हे काम वेळखाऊ आहे, पण मला रेडिओलॉजी खरी शिकवली ती यानंच. 6 मिलिमीटरहून जाड, प्रोबनं दाबल्यावर न दबणारं अपेंडिक्स पुस्तकात सगळेच वाचतात. आपण स्वतः ‘सुजलंय’ म्हटलेलं अपेंडिक्स ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून पाहिलं की पुढच्या पेशंटच्या पोटावर प्रोब ठेवताना नजर वेगळी असते.

बाकी थोडक्यात. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडणारा किरणांचा डोस मोजणारा बिल्ला, लेड ॲप्रनच्या (शिशाच्या ॲप्रनच्या) आत, छातीवर लावा. खुंटीवर टांगलेला बॅज तुमचा डोस मोजत नाही. गर्भवतीच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म पूर्ण भरला गेलाय ना, हे स्वतः बघा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यात अपुरी नोंदही उल्लंघन धरली जाते. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षी उरका. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही पेशंट अभ्यासात घेऊ नका.

आणि संमतिपत्राकडे नीट लक्ष द्या. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आपल्या मराठी मुलांना गुजराती अडत नाही, पण छोटा उदेपूरहून आलेल्या राठवी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आजींना छापील कागदाचा काय उपयोग? बरोबरच्या नातेवाइकाला जवळ बसवा, सगळं बोलून सांगा, आणि अभ्यासाला नाही म्हटलं तरी तपासणी आणि उपचार तसेच होतील, हे सगळ्यात आधी सांगा. गर्दीच्या ओपीडीत त्याला वेळ जातो. तो द्या.