आवडता कादंबरीकार सापडला. आता त्याचे दुसरे पुस्तक कोणते घ्यावे?

कादंबरी संपते आणि त्याच लेखकाचे आणखी काहीतरी आजच्या आज हवेसे वाटते. अशा वेळी बहुतेक जण त्याचे सर्वांत गाजलेले पुस्तक उचलतात आणि तिथेच बिनसते. गाजलेले पुस्तक बरेचदा जाडजूड असते, त्याचा आवाका मोठा असतो, आणि आपल्याला जे भावले ते त्यात असेलच असे नाही. ऐंशीव्या पानावर खूण अडकून पडते आणि नुकताच गवसलेला लेखक हातचा जातो.

म्हणून दुसरे पुस्तक निवडताना प्रसिद्धीपेक्षा शेजार पाहावा. वाचलेल्या कादंबरीच्या मागेपुढे चार-पाच वर्षांत त्या लेखकाने काय लिहिले, हा पहिला प्रश्न. लेखकाला छळणारे विषय आणि त्याच्या वाक्याची ठेवण सहसा हळूहळू बदलते, त्यामुळे एका काळातली पुस्तके पाठच्या भावंडांसारखी असतात.

आधी एक टिपण

वाचून झाल्यावर दोन-तीन दिवसांत, आठवण ताजी असताना, पाच-सहा ओळींचे टिपण करावे. 'छान होती' एवढ्याने काम होत नाही. पुस्तक पुन्हा उघडून ज्या तीन जागा परत वाचाव्याशा वाटतात त्या शोधा आणि त्यांत समान काय आहे ते पाहा. उत्तर साधारणपणे पाचांपैकी एक निघते: सांगणाऱ्याचा आवाज, माणसे, त्या कादंबरीतले जग, पुढे काय होणार याची ओढ, किंवा त्यामागचा प्रश्न. कोणती पाने भराभर उलटली तेही लिहावे. निसर्गवर्णने गाळून संवाद तेवढे वाचले असतील, तर त्या लेखकाची वर्णनांनी भरलेली कादंबरी सध्या नको, हे तिथेच ठरते.

सालवार यादी

आता लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्यांची यादी काढा. प्रत्येकीपुढे मूळ भाषेतल्या पहिल्या आवृत्तीचे साल हवे. हातातल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' अशी दोन साले असली तर पहिले घ्यावे. अनुवादाच्या पुस्तकात मूळ प्रकाशनाचे साल वेगळ्या ओळीत, बारीक टाइपात असते. ते नजरेतून निसटते. पुस्तकाच्या शेवटी छापलेली 'याच लेखकाची पुस्तके' ही यादी कालक्रमाने असेलच असे नाही, आणि तिच्यात बहुधा त्या एकाच प्रकाशकाची पुस्तके असतात.

यादी करताना पाच ठिकाणी घोळ होतो.

अनुवादांचा क्रम आणि लेखनाचा क्रम वेगळा असतो. हारुकी मुराकामी यांच्या पहिल्या दोन कादंबऱ्या जपानीत १९७९ आणि १९८० साली आल्या, पण जगभरच्या इंग्रजी वाचकांना त्या सहज मिळू लागल्या २०१५ मध्ये. तोवर त्याच मालिकेतली तिसरी वाचून वाचक पुढे गेलेले होते. इंग्रजी साले धरून यादी केली तर पहिलटकर लेखन उत्तरकाळातले ठरते.

लिहिण्याचे आणि छापण्याचे सालही दर वेळी एक नसते. अगाथा ख्रिस्ती यांनी प्वारो या गुप्तहेराची शेवटची कथा, 'कर्टन', दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली. ती आली १९७५ मध्ये. लेखणी १९४० च्या दशकातली, पण मालिकेचा शेवट असल्याने ती वाचायची शेवटीच. हार्पर ली यांचे २०१५ चे 'गो सेट अ वॉचमन' हे मुळात १९६० च्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आधी लिहिलेले हस्तलिखित. पुढचा भाग समजून ते उघडणाऱ्या अनेकांचा हिरमोड झाला. लेखकाच्या निधनानंतर आलेले पुस्तक असेल तर ते पूर्ण झाले होते की नाही, हे आधी पाहावे. काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या होत्या आणि त्याचा मित्र मॅक्स ब्रोडने त्या मागाहून छापवल्या. हे ठाऊक असले की त्यांतल्या तुटक जागा खटकत नाहीत.

तिसरा घोळ नावांचा. ख्रिस्तींची 'मर्डर ऑन दि ओरिएंट एक्सप्रेस' अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' या नावाने आली होती. अशा वेळी एकच कादंबरी दोनदा घरी येते. खात्रीसाठी पहिला परिच्छेद ताडून पाहावा.

चौथा घोळ टोपणनावांचा. मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावाने लिहिले. ख्रिस्तींच्या सहा कादंबऱ्या मेरी वेस्टमॅकॉट या नावाने आहेत, आणि त्यांत रहस्यकथा नाही. टोपणनावाखालचे लेखन पुष्कळदा वेगळ्या जातीचे असते. टिपणाशी जुळले तरच घ्यावे.

पाचवा, संक्षिप्त आवृत्त्या. ज्याचा आवाज आवडला त्याचे संक्षिप्त रूप घेऊ नये, कारण कात्री चालते ती नेमकी आवाजावरच.

मालिका आहे का?

यादीतली कोणती पुस्तके एकमेकांना बांधलेली आहेत ते आता खुणेने दाखवा. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची, स्वतंत्र. पुढची कादंबरी 'बिढार' आली १९७५ मध्ये, आणि तिच्यासह 'हूल', 'जरीला', 'झूल' या चौघी चांगदेव पाटील या एकाच नायकाच्या. 'कोसला' आवडलेल्याने 'झूल'पासून सुरुवात केली तर तीन पुस्तकांचे ओझे माहीत नसताना चौथ्यात शिरल्यासारखे होते, 'बिढार'च घ्यावी.

पूर्वकथा मागाहून लिहिलेली असेल तर आधी काय वाचावे यावर वाद रंगतात. नियम सोपा ठेवावा: प्रकाशनाच्या क्रमाने. आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'ची पूर्वकथा १९८८ ची आणि मूळ पुस्तक १९५१ चे. कथेतल्या काळानुसार पूर्वकथा आधी येते, पण ती लिहिताना लेखकाने मूळ पुस्तके वाचलेला वाचक समोर धरलेला असतो. जे उलगडायला मूळ पुस्तक अनेक पाने घेते, ते पूर्वकथा सहज बोलून जाते.

याउलट झोलाची 'रूगों-माकार' ही वीस कादंबऱ्यांची माळ (१८७१ ते १८९३) एका कुटुंबाची असली तरी तिच्यातली बहुतेक पुस्तके सुटी वाचता येतात. तिथे क्रमाचा धाक बाळगू नये.

निवड

टिपण आणि यादी शेजारी ठेवून निवड करायची. आवाज आवडला असेल तर सालाने सर्वांत जवळचे पुस्तक घ्या, आणि निवेदन 'मी'चे आहे की त्रयस्थ, हे पहिल्या पानावर तपासा. जग आवडले असेल तर त्याच गावाची, त्याच काळाची कादंबरी शोधा, मग ती दहा वर्षे आधीची का असेना. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे माकोन्दो हे काल्पनिक गाव 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' (१९६७) मध्ये जगभर पोचले, पण ते १९५५ च्या 'लीफ स्टॉर्म'मध्येही आहे. प्रश्न भावला असेल तर सालापेक्षा विषय पाहावा. कथानकाची ओढ असेल तर लहान पुस्तक घ्यावे, कारण छोट्या कादंबरीत लेखकाला पसरायला जागा नसते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. दोस्तोयेव्स्की यांची 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) वाचली आणि रास्कोल्निकोव्हच्या डोक्यातली घालमेल मनात घर करून राहिली. पुष्कळ जण इथून थेट 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'कडे जातात. ती १८८० ची, दुप्पट नसली तरी बरीच मोठी, आणि एका डोक्याऐवजी साऱ्या कुटुंबाची. शेजार पाहिला तर १८६४ चे 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' दिसते: दीडेकशे पाने, एकच माणूस, स्वतःशी भांडणारा. त्यानंतर 'द इडियट'. 'कारामाझोव्ह' तिसरी किंवा चौथी घ्यावी. तोवर रशियन नावांची, पितृनामांची आणि लाडक्या नावांची सवय झालेली असते, आणि ते मोठे पुस्तक खरोखर पेलते.

पदार्पणाची कादंबरी मात्र सहसा दुसरी वाचू नये. लेखक तिच्यात स्वतःचा सूर शोधत असतो. तीन-चार पुस्तके झाल्यावर तीच कादंबरी फार गोड लागते, कारण पुढे फुललेल्या गोष्टींचे कोंब तिच्यात ओळखू येतात.

घेण्याआधी वीस पाने

सुरुवातीची दहा आणि मधली दहा पाने वाचून पाहावीत. सुरुवात प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. मधली पाने खरे सांगतात. प्रस्तावना शेवटी वाचावी, कारण अभिजात कादंबऱ्यांच्या प्रस्तावना शेवट सर्रास सांगून टाकतात. मलपृष्ठावरची स्तुती सोडून द्यावी.

अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव आधी पाहा. आवडलेला आवाज अर्धा त्याचाही असतो. त्याच हातचे दुसरे पुस्तक मिळाले तर उत्तम. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील, तर संवादांचे एकच पान दोन्हींतून मोठ्याने वाचा. ज्यात जीभ अडखळत नाही तो घ्यावा.

दोन पुस्तके लागोपाठ वाचली की मध्ये दुसऱ्या कुणाचे तरी एक वाचावे. एकाच लेखकाची चार-पाच सलग वाचली की त्याच्या लकबी डोळ्यांत खुपू लागतात, त्याचाच ठराविक शेवट, त्याचीच ठराविक उपमा, आणि दोष लेखकाचा वाटतो. नवे पुस्तक मनाची पकड घेत नसेल तर साठ-सत्तर पानांपर्यंत वाट पाहावी आणि निःसंकोच मिटावे. मिटताना टिपणात साल लिहून ठेवा. अशी दोन पुस्तके एकाच कालखंडातली निघाली, तर यादीतला तो कालखंड सोडून पलीकडचे पुस्तक घ्यावे.